डब्यातला हत्ती

मी आपणहून कुणाच्या घरी जाणारा माणूस नाही. कुणी ‘या एकदा चहाला’ म्हटलं की मी ‘नक्की’ म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. प्रभाकाकूंनी ती पळवाटच ठेवली नाही. “शनिवारी सकाळी ये. घरात नको, गराजमध्ये ये. जुना स्वेटर घाल, रंग लागतो,” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

२०२०ची संक्रांत नुकतीच झाली होती. मी डब्लिनमधली महागडी खोली सोडून आयर्लंडच्या दुसऱ्या टोकाला, ट्रलीला राहायला आलो होतो. माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचं. ते कुठूनही करता येतं. नागपूरहून आई म्हणते, “या ज्ञानेशचं लग्न कसं जमणार? मुलगी दाखवली की हा तिच्यातही बग काढतो.” आई थोडं वाढवून सांगते, पण फार नाही. ट्रलीत मला कुणी ओळखत नव्हतं आणि ते मला बरंच वाटत होतं. डब्लिनच्या मराठी मंडळातल्या सुलेखाला मात्र ते बघवेना. “तिथे एक काकू आहेत, आफ्रिकेतून आलेल्या. प्राण्यांची चित्रं काढतात, एकट्या राहतात. तिळगूळ तरी देऊन ये,” म्हणून तिने नंबर माझ्या गळ्यात मारला.

ब्लेनरव्हिलच्या रस्त्यावर, खाडीच्या बाजूला, पाऊस वरून न पडता समोरून येतो अशा ठिकाणी काकूंचं बैठं घर होतं. गराजचं पत्र्याचं दार अर्धं उघडं होतं. वाकून आत शिरलो आणि पहिल्यांदा वास आला तो जवसाच्या तेलाचा. तैलरंगांत ते घालतात हे मला काय माहीत! आम्हा नागपूरकरांना जवस म्हणजे चटणी. त्या गारठलेल्या गराजमध्ये मला एकदम आईच्या स्वयंपाकघरात आल्यासारखं झालं आणि मी तिळगुळाची पुडी धरून नुसता उभा राहिलो.

“डोकं नाही आपटलंस, हुशार आहेस. माझा लेक दर खेपेला आपटायचा,” काकू म्हणाल्या. ठेंगणी मूर्ती, कपाळावर टिकली, आणि कमीझवर लेकाचा हॉस्पिटलमधला जुना निळा सदरा, रंगांनी पार माखलेला. सत्तरी ओलांडली होती, पण स्टुलावर चढून वरचं चित्र उतरवायला त्या मला हात लावू देईनात.

चारी भिंतींना चित्रं टेकवलेली होती. रानडुकरं, धनेश, झेब्र्यांच्या नुसत्या पाठी, बाभळीखाली दाटीने उभी असलेली हरणं. सिंह कुठेच नव्हता. मी तसं म्हटलं, तर काकू फिस्सकन हसल्या. “सिंह पर्यटकांसाठी. लॉजवर विकायला ढिगाने काढले. अरे, दिवसभर लोळणारा प्राणी तो. आता मनाचं काढते.”

मग चहा पिता पिता त्यांनी सगळं सांगितलं, भाजी निवडताना सांगावं तसं. लग्न झालं आणि त्या साताऱ्याहून थेट केनियात गेल्या. सुभाषकाका व्होई नावाच्या गावात घायपाताचे दोर काढायच्या कारखान्यात इंजिनिअर. “ते सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. मराठी बोलायला चिटपाखरू नाही. कुंपणापलीकडे हत्ती यायचे, म्हणून हत्ती काढायला लागले. माणूस आला असता तर माणूस काढला असता,” त्या म्हणाल्या. काका गेले, मग डॉक्टर झालेल्या लेकाने, अभिजितने, त्यांना इथे आणलं. आणि इथले निम्मे डॉक्टर शेवटी करतात तेच त्यानेही केलं: आदल्या वर्षी बायको-मुलीला घेऊन ऑस्ट्रेलियात, पर्थला गेला. काकूंचा व्हिसा यायचा होता. तोपर्यंत त्या घराची राखण करत होत्या.

गराजच्या मागच्या भिंतीशी, चौघांच्या जेवणाच्या टेबलाएवढा एक कॅनव्हास उभा होता. त्यावर नुसता लालसर धुरळा होता.

“हे काय?”

“धूळ. आधी धूळ, मग हत्ती. तिथली माती लाल, आणि हत्ती ती अंगावर उडवून घेतात, म्हणून आमच्याकडचे हत्ती लाल. इथल्या प्रदर्शनात एकदा लावले तर एकजण मला समजावतोय, मॅडम, रंग चुकला. म्हटलं, बाबा, हत्तीला जाऊन सांग.”

ते चित्र पर्थसाठी होतं. अभिजितने नव्या घरातली हॉलची एक भिंत आईसाठी रिकामी सोडली होती. व्हिसा येईपर्यंत कळप पुरा करायचा, गुंडाळी करून बगलेत मारायची आणि विमानात बसायचं. “बाकी इथलं काही न्यायचं नाही मला,” काकू म्हणाल्या. “आयुष्यभर चित्रं दुसऱ्यांच्या भिंतींसाठी काढली. हे एक माझ्या माणसांच्या भिंतीवर लागू दे, मग मी मोकळी.” हे बोलताना त्यांचा आवाज बदलला.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. ऑस्ट्रेलियाने दारं लावून घेतली. इथे सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असं सरकारने सांगितलं. त्याला म्हणायचे कोकूनिंग, म्हणजे कोशात राहणं. “कोशातून फुलपाखरू निघतं म्हणे,” काकू फोनवर म्हणाल्या. “मी निघाले तर घुबड निघेल.” बोलता बोलता कळलं की बाई टोस्ट आणि चहावर दिवस काढतायत. स्वयंपाकाशी त्यांचं पहिल्यापासून वाकडं. कुणासाठी करायचा तर करतील, एकटीसाठी कणीक कोण भिजवणार?

त्याच सुमारास मी आईकडून व्हिडिओवर पोळ्या शिकत होतो. आल्या तशा केल्या आणि डब्यात घातल्या. डबा आईचा, स्टीलचा, पसरट, पोळ्यांचा. मी नको नको म्हणत असताना तिने बॅगेत कोंबलेला. झाकणावर मशीनने कोरलेलं नाव: सौ. नंदा वैरागडे. तो मी काकूंच्या फाटकाच्या खांबावर ठेवला, रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिलो आणि हाक मारली. काकू आल्या, डबा उचलला, आणि आम्ही वाऱ्यात ओरडून ओरडून पाच मिनिटं बोललो. घसा बसला. पण घरी परतताना मला किती हलकं वाटलं होतं ते अजून आठवतं.

डबा परत आला तो घासूनपुसून, आत मूठभर साखर. रिकामा डबा परत करत नाहीत. हे आईने मला कधी शिकवलं नाही आणि काकूंना त्यांच्या आईने शिकवलं नसणार. ते आपल्याकडे असतंच. पुढच्या शनिवारी पुन्हा साखर. त्याच्या पुढच्या शनिवारी मात्र एक छोटं कार्ड निघालं. त्यावर धनेश पक्षी, तोंड असं वाकडं केलेला की त्याने माझीच पोळी खाल्ली असावी. मागे लिहिलं होतं, ‘पोळी कडक. भाजी ग्रँड.’

तेव्हापासून दर शनिवारी एक कार्ड. मी ती स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दारांवर चिकटवत गेलो. कपाटाला इथे प्रेस म्हणतात आणि मीही म्हणायला लागलो होतो. कधी मुंगूस, कधी जिराफाची मान, एकदा माझ्या वांग्याच्या भाजीवर उताणं पडलेलं गिधाड. सांगायला लाज कसली, त्या वर्षात मी मनापासून ज्याची वाट बघितली ते एवढंच. एकटं राहणं मला जमतं असा माझा समज होता. तो समज होता, एवढंच.

नाताळनंतर पुन्हा कडक टाळेबंदी आली. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. नशिबाने काकू पाचाच्या आत होत्या. एकदा वाटेत गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, गाडी थांबवली. शेजारच्या सीटवर डबा. मी म्हटलं, म्हाताऱ्या बाईंना जेवण नेतोय. त्याने झाकण उघडायला लावलं, मटकीच्या उसळीचा वास घेतला आणि गंभीरपणे म्हणाला, “जा, जा. आणि उद्या मलाही म्हातारा धर.”

त्याच दिवसांत काकूंची कार्डं संपली. चित्रकलेच्या सामानाची दुकानं बंद. इंग्लंडहून मागवावीत तर नवीन वर्षापासून इंग्लंड युरोपबाहेर गेलेलं, पार्सल कस्टममध्ये अडकलेलं. एका शनिवारी डब्यात नुसती साखर आली. मी आईला सांगितलं तर आई माझ्यावरच उखडली. “म्हाताऱ्या माणसाला दर वेळी चित्र काढायला लावतोस काय रे? त्यांना सांग, राहू द्या म्हणावं. फार तर डबाच बंद कर काही दिवस, त्यांना उगाच ओझं.”

मला ते पटलं. पुढच्या वेळी रस्त्यापलीकडून ओरडलो, “काकू, दर वेळी काही घातलंच पाहिजे असं नाही हं! आणि तुम्हाला ओझं होत असेल तर काही दिवस डबा...”

“तुला पोळ्या लाटायचा कंटाळा आलाय का?” काकू तिकडून ओरडल्या.

“नाही हो!”

“मग गप्प बस!” आणि दार लावून घेतलं. त्या एवढ्या चिडलेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या.

पुढच्या डब्यात कार्ड नव्हतं. कॅनव्हासचा तुकडा होता, डब्यात जेमतेम बसेल एवढा. त्यावर नुसती लाल माती आणि एक सावली. मग दुसरा आला: हत्तीचा गुडघा. अख्ख्या तुकड्यावर एकच गुडघा, लाल, सुरकुतलेला, आणि त्यावर ओल्या चिखलाची रेघ. मी फाटकाशी कुरकुर केली, “काकू, हत्तीचा नुसता गुडघा? बाकीचा हत्ती कुठेय?”

“मोठ्या चित्राआधी असे तुकडे रंगवून बघावे लागतात. आणि जरा जवळून बघायला शिक!”

मी शिकलो. कान आला, भेगाळलेला, कडेला फाटलेला. पाण्यात बुडवलेलं सोंडेचं टोक आलं. एक डोळा आला, पापण्यांना धूळ, आणि तो मी बरोबर चहाच्या किटलीच्या वर लावला. रोज सकाळी त्याच्याशी दोन शब्द बोलायला लागलो. प्रत्येक तुकड्याच्या कडेला कापडाचे दोरे सुटलेले होते आणि रंग कडेपर्यंत जाऊन अर्ध्यात तुटलेला होता. जो माणूस दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेतो त्याच्या ते लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. तुकडे फार सुंदर होते, आणि मी त्यांची वाट बघत होतो.

“मोठं चित्र कुठवर आलं?” मी विचारायचो.

“कळप पाण्यावर पोचला.”

“आणि पर्थ?”

“बंदच आहे अजून.” मग त्या हवेबद्दल बोलायला लागायच्या. आयरिश लोकांकडून एवढं त्या नीट शिकल्या होत्या.

उन्हाळा आला. काकूंच्या लशी झाल्या, माझीही झाली, घरात पाहुणे चालतील असं सरकारने सांगितलं. काकूंनी बोलावलं नाही. एक शनिवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या शनिवारी मी, न बोलावता कुणाकडे कधी न गेलेला माणूस, जुना स्वेटर घालून त्यांच्या दारात उभा राहिलो. “कळप बघायला आलोय,” म्हटलं.

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या किल्लीकडे. “चहा घे आधी.”

“आधी कळप.”

गराजचं दार त्यांनी वर ढकललं. मी वाकून आत गेलो. जवसाचा वास आता फिका पडला होता. मागच्या भिंतीशी लाकडी चौकट उभी होती. वरच्या कडेला खिळ्यांना धरून लाल धुळीची एक पट्टी लोंबत होती. बाकी चौकटीतून पलीकडची भिंत दिसत होती, आणि त्या भिंतीवर टांगलेली अभिजितची सायकल.

मला कळायला वेळ लागला. आणि कळलं तेव्हा मी संतापलो. “काकू, हे काय केलंत? दीड वर्ष काढलंत ना हे? ती भिंत रिकामी ठेवलीय ना त्याने तिकडे?”

“ओरडू नकोस. आता रस्त्यापलीकडे नाहीयेस,” त्या म्हणाल्या. स्टुलावर बसल्या आणि सदऱ्याच्या बाहीवरचा वाळलेला रंग नखाने खरवडायला लागल्या.

“साखर घालायची होती. मी काय साखरेला नाही म्हणत होतो?”

“साखर घातली तेव्हा काय म्हणालास आठव. ओझं होत असेल तर डबा बंद करू म्हणालास. भला मुलगा आहेस तू. भल्या माणसांची हीच भीती असते बघ. म्हातारीला त्रास नको म्हणून येणंच थांबवतात.” मग त्या म्हणाल्या, “अभिजितही भलाच आहे. आई, तुला प्रवासाची दगदग नको, म्हणतो. दर रविवारी म्हणतो.”

मी चौकटीवरच्या लोंबत्या पट्टीला हात लावला.

“त्या जानेवारीत चार-चार दिवस माझा स्वतःचा आवाज मी ऐकला नव्हता, ज्ञानेश. हा एवढा कळप इथे उभा, पण एक हत्ती हाक मारेल तर शपथ. तू शनिवारी यायचास, बेंबीच्या देठापासून ओरडायचास. पहिला तुकडा कापला तेव्हा रडले मी. दुसऱ्याला नाही रडले.”

“आणि अभिजितला काय सांगणार?”

“सांगेन वाटला म्हणून. प्रसाद कुणी अख्खा घरी नेतं का?” त्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी खाली बसलो आणि त्या चौकटीला टेकून, मोठा माणूस असून, ढसाढसा रडलो. काकूंनी रडू दिलं आणि मग चहा केला. चहाही त्यांना धड जमत नव्हता.

घरी येऊन मी प्रेसच्या दारांवरचे सगळे तुकडे काढले आणि जमिनीवर जुळवायला बसलो. गुडघ्याला पोट मिळालं, कानाला डोळा मिळाला. कळप खरंच पाण्यावर पोचला होता. फक्त मधोमध एक तुकडा नव्हता. सगळ्या हत्तिणींच्या सोंडा त्या रिकाम्या जागेकडे वळलेल्या होत्या. मी फोन केला.

“तिथे पिल्लू आहे,” काकू म्हणाल्या. “ते नाही देणार तुला. ते रेवासाठी ठेवलंय, नातीसाठी.”

नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाने तिथल्या लोकांच्या आईवडिलांसाठी दार उघडलं, पर्थचं मार्चमध्ये उघडलं, आणि काकूंचा व्हिसाही आला. या वेळी अभिजितने दगदगीचं नाव काढलं नाही; तिकीटच पाठवलं. मला आनंद झाला हे खरं आहे. आनंदाच्या आधी शनिवार आठवले हेही खरं आहे. मी सगळे तुकडे कागदात बांधून त्यांच्याकडे घेऊन गेलो. म्हटलं, घेऊन जा, कुणीतरी मागून कापड लावून जोडून देईल, भिंत भरेल.

“दिलेलं परत घेऊ? मग तुझ्या पोळ्याही परत करते, थांब,” म्हणून त्यांनी पुडकं माझ्या छातीशी ढकललं.

ट्रली स्टेशनवर मी त्यांना सोडायला गेलो. सामान एक बॅग, आणि पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक चौकोनी तुकडा. मी वाटेसाठी डबा दिला: पोळ्या, बटाट्याची भाजी आणि जवसाची चटणी. काकूंनी बाकावर बसून डबा उघडला, वरच्या पोळीचा एक तुकडा मोडला, चावला. “आता मऊ व्हायला लागल्या बघ. आणि आता मी चालले,” म्हणाल्या. मला वाटलं, त्या जेवण कागदात काढून घेतील आणि डबा माझ्या हातात देतील. त्यांनी झाकण लावलं आणि डबा आपल्या पिशवीत, पिल्लाच्या शेजारी ठेवला.

“काकू, डबा...”

“रिकामा परत करता येत नाही. आणि आत भरायला आत्ता माझ्याजवळ काही नाही.” गाडी आली. चढताना त्यांनी माझा हात धरला होता, तो सुटला.

आता तो कळप माझ्या हॉलच्या भिंतीवर आहे, मधली जागा मोकळी ठेवून. परवा आईने व्हिडिओवर ओट्याकडे निरखून बघितलं. “माझा पोळ्यांचा डबा दिसत नाही रे. हरवलास ना?”

“नाही. काकूंकडे आहे.”

“ऑस्ट्रेलियात? मग गेलाच म्हणायचा तो.”

“येईल परत,” मी म्हटलं. “रिकामा नाही पाठवायच्या त्या.”

आईने ओट्याकडे आणखी एकदा बघितलं. मग म्हणाली, जेवून घे वेळेवर.

शनिवार होता. मी सवयीने दोघांची कणीक भिजवली होती आणि दोघांच्या पोळ्या लाटल्या. ठेवायला डबा नव्हता. ताटलीत घालून वर दुसरी ताटली झाकली, आणि सोमवारपर्यंत मीच खाल्ल्या.